उत्तर येतं, पण ‘का’ विचारलं की गप्प

आधी पत्र देते, थोडं कापून, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही विषय कळेल. विषय आहे कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे मायनस एकचं वर्गमूळ घेऊन बनलेल्या संख्यांवरचं कॅल्क्युलस.

“मॅडम नमस्कार. मी नागपूरलाच एमएस्सी मॅथ्स फर्स्ट इयरला आहे. गाव गोंदिया जिल्ह्यात, इथे नंदनवनला मावशीकडे राहते. दहावीपर्यंत मराठी मिडियम. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस माझ्या डोक्यात शिरूनच नाही राहिलं. रेसिड्यूची गणितं मी करते, फॉर्म्युला लावला की उत्तर येते, पण सरांनी ‘का’ विचारलं की मी गप्प. इंटर्नलला २० पैकी ७ पडले. कॉस एक्स अपॉन वन प्लस एक्स स्क्वेअरचं मायनस इन्फिनिटी ते इन्फिनिटी इंटिग्रल होतं, मी सगळ्या स्टेप लिहिल्या तरी शून्य. सीनियर म्हणतात अहल्फोर्सचं पुस्तक वाच, दहा पानं पण झाली नाहीत. वर्गातले म्हणतात कॉम्प्लेक्स तर स्कोअरिंग आहे, रिअल कठीण, म्हणून मला वाटून राहिलं की मीच मॅथ्ससाठी नाही. नेटची परीक्षा द्यायची होती. बाबा म्हणतात सोड, बीएडला अ‍ॅडमिशन घे. काय करू?”

बेटा,

तुझं पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी रफ कागद घेऊन ते कॉसचं इंटिग्रल करून बघितलं, तू जसं केलं असशील तसंच. उत्तर तू लिहिलं नाहीस पण मला वाटतं तुझं पाय (π) गुणिले कॉश वन आलं असणार. म्हणजे तू कॉस झेड अपॉन वन प्लस झेड स्क्वेअर घेतलं, वरच्या अर्ध्या प्लेनमधला पोल, म्हणजे जिथे छेद शून्य होतो तो पॉइंट, आय (मायनस एकचं वर्गमूळ) पकडला, तिथला रेसिड्यू कॉस आय भागिले टू आय, त्याला दोन पाय आय ने गुणलं, आणि कॉस आय म्हणजे कॉश वन. असंच ना? यातला रेसिड्यू बरोबर आहे, गुणाकार बरोबर आहे, आणि उत्तर चूक आहे. पूर्ण शून्य देणं मला पटलं नाही, पण तो भाग सोड, कारण तुझ्या ‘का’ चं अर्ध उत्तर याच एका गणितात आहे आणि मला आज त्यातूनच बोलायचं आहे.

कॅल्क्युलेटर घे. कॉश वन (ई आणि वन अपॉन ई ची सरासरी) साधारण १.५४, गुणिले पाय, म्हणजे ४.८५ च्या आसपास. आता त्याच गणितातून कॉस काढून टाक, नुसतं वन अपॉन वन प्लस एक्स स्क्वेअर ठेव, त्याचं इंटिग्रल टॅन इन्व्हर्सने पाय येतं, म्हणजे ३.१४, हे तुला बारावीपासून येतं. कॉस एक्स तर मायनस एक आणि एकच्या मधेच राहतो, म्हणजे कॉस लावल्यावर उत्तर ३.१४ पेक्षा लहानच व्हायला पाहिजे, आणि तुझं आलं ४.८५. पेपर देण्याआधी अर्धा मिनिट हे बघितलं असतंस तर तुझं तुलाच कळलं असतं की कुठेतरी गडबड आहे.

गडबड कुठे आहे ते बघ. रेसिड्यू थिअरम सांगतो बंद रस्त्याबद्दल, त्यावरचं इंटिग्रल म्हणजे आतल्या रेसिड्यूंची बेरीज गुणिले दोन पाय आय. तुझा बंद रस्ता दोन तुकड्यांचा आहे, खालची सरळ रेघ मायनस आर ते आर, आणि वरचं अर्धवर्तुळ. थिअरमने तुला दोघांची मिळून बेरीज दिली. आपल्याला फक्त रेघेचं पाहिजे असतं, म्हणून आपण म्हणतो की आर मोठा केला की अर्धवर्तुळावरचं शून्याकडे जातं. हे तू लिहिलं असशील कारण नोट्समध्ये तसं लिहिलेलं असतं. पण जातं का ते बघितलं का? अर्धवर्तुळाच्या शेंड्यावर झेड इज इक्वल टू १० आय ठेव. कॉस १० आय म्हणजे कॉश १०, ते ११,०१३ च्या वर. खाली छेदात मायनस ९९. भागाकार १११ च्या आसपास. २० आय ठेवलंस तर भागाकार सहा लाखांच्या वर. आर वाढवला तसं ते शून्याकडे जायच्या जागी फुगत चाललं आहे. कॉस रेघेवर शहाण्यासारखा एकच्या आत राहतो पण वर-खाली काल्पनिक दिशेने गेला की एक्स्पोनेन्शियलसारखा वाढतो, हे रिअलमध्ये शिकताना कधी दिसतच नाही.

म्हणून आपण कॉसच्या जागी ई रेज टू आय झेड घेतो. त्यात झेडच्या जागी एक्स प्लस आय वाय टाक, एक तुकडा ई रेज टू मायनस वाय निघतो, वर गेलं की तो झपाट्याने लहान होतो, १० आय ला तर ०.००००४५ उरतो. आता अर्धवर्तुळ खरंच शून्याकडे जातं, रेसिड्यू येतो ई रेज टू मायनस वन भागिले टू आय, गुणिले दोन पाय आय, म्हणजे पाय बाय ई, साधारण १.१६, आणि त्याचा रिअल पार्ट आपलं उत्तर. ३.१४ पेक्षा लहान आहे, बघ. क्लासमध्ये सांगतात ‘कॉस आला की ई रेज टू आय झेड घ्या’, आणि पोरं ते तसंच पाठ करतात, मग छेदात काय आहे, फंक्शन वर फुगतं की विझतं, याच्याकडे कोणी बघत नाही. वर्गातले ज्याला स्कोअरिंग म्हणून राहिले ते हेच आहे, पाठ केलेल्या साच्यात गणित बसवणं. मला त्यांचं म्हणणं अजिबात मान्य नाही. मी दोन्ही विषय शिकवले आहेत, कॉम्प्लेक्स रिअलपेक्षा सोपं नाहीये, फक्त त्यात थोडं पाठ करून जास्त मार्क मिळतात.

आणि हे मी अनुभवातून सांगते. मी स्वतः एमएस्सीला असताना आम्हाला सगळं डिक्टेट केलं जायचं, आम्ही वही भरायचो, रात्री पाठ करायचो, कॉशीचा थिअरम मी शब्दन्‌शब्द लिहिला होता आणि मार्क चांगले पडले. पुढे शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, मॅडम, शून्याभोवती एक फेरी मारून वन अपॉन झेडचं इंटिग्रल दोन पाय आय येतं आणि वन अपॉन झेड स्क्वेअरचं शून्य, ते तर शून्याजवळ अजून जास्त फुटतं ना, मग त्याचं जास्त यायला नको का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म्युला होता, उत्तर नव्हतं. मी त्याला सांगितलं उद्या सांगते, आणि त्या रात्री जेवण झाल्यावर ओट्याशेजारी स्टुलावर बसून मी पहिल्यांदा ते इंटिग्रल हाताने केलं. तेव्हापासून मी हा विषय शिकायला लागले असं मी मानते. त्यामुळे ‘सरांनी का विचारलं की मी गप्प’ हे तू लिहिलंस त्याची मला काळजी वाटत नाही, उलट तुला हे एमएस्सीच्या पहिल्या वर्षी लक्षात आलं, मला नोकरी लागल्यावर आलं.

आता ते हाताने करायचं म्हणजे काय, ते सांगते. युनिट सर्कल घे. झेड म्हणजे ई रेज टू आय थीटा. डी झेड म्हणजे आय गुणिले ई रेज टू आय थीटा डी थीटा. वन अपॉन झेड म्हणजे ई रेज टू मायनस आय थीटा. गुणाकार केला की ई वाले दोघं कटतात आणि उरतं नुसतं आय डी थीटा. म्हणजे वर्तुळावर तू कुठेही अस, प्रत्येक छोट्या पावलाला तेवढंच ‘आय’ जमा होतं, एकाच दिशेने, शून्य ते दोन पाय, एकूण दोन पाय आय. आता वन अपॉन झेड स्क्वेअर घे. कटून उरतं आय गुणिले ई रेज टू मायनस आय थीटा डी थीटा. हे प्रत्येक पावलाला वेगळ्या दिशेने जमा होतं, पूर्वेला जितकं गेलं तितकंच समोरच्या टोकाला पश्चिमेला जातं, पूर्ण फेरी झाली की शून्य. झेड क्यूब असो, मायनस पाच पॉवर असो, सगळ्यांचं हेच, कोणी एक फेरा फिरतं कोणी चार, पण फिरून फिरून शून्यावर. फक्त मायनस एक पॉवर अशी आहे की तिथे फिरणं बरोबर कटतं आणि बेरीज साचते. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, किती जोरात फुटतं याला महत्त्वच नाही, फिरताना कटतं की साचतं याला आहे.

हे झालं की लॉरां सीरिज, म्हणजे फंक्शन प्लस आणि मायनस पॉवरच्या बेरजेत लिहिणं, आपोआप समजते. कुठल्याही फंक्शनची पोलभोवती लॉरां सीरिज लिहिली, प्रत्येक टर्मचं फेरी मारून इंटिग्रल केलं, सगळ्या टर्म गेल्या, मायनस वन वाली एक उरली, तिचा सहगुणक म्हणजे रेसिड्यू. इंग्रजीत रेसिड्यू म्हणजे उरलंसुरलं, आपण भागाकारात ‘बाकी’ म्हणतो ना तसंच. तुझ्या वहीत रेसिड्यूच्या व्याख्येसमोर कंसात ‘बाकी’ लिहून ठेव, मी खरंच सांगते, परीक्षेत आठवेल.

आणि झिरो माईलला जा एकदा, तू नंदनवनला राहतेस, बर्डीला (सीताबर्डीला) येणंजाणं असेलच. तिथला तो खांब आणि दगडी घोडे माहीतच आहेत. खांबाला शून्य समज, आणि खांबाकडे एक दोरी धरून त्याच्याभोवती एक चक्कर मारतेस असं मनात आण. दोरीचा कोन वाढत वाढत ३६० अंश होतो, तू त्याच जागी परत आलीस पण कोन शून्यावर परत नाही आला, एक फेरा साठला. दुसरी चक्कर मारली, ७२०. आता खांब बाहेर ठेवून, समजा पलीकडच्या फुटपाथवरच छोटी चक्कर मारली तर कोन थोडा इकडे थोडा तिकडे होऊन मूळचाच परत. लॉग झेडचा सगळा त्रास हा एवढाच आहे. लॉगचा काल्पनिक भाग म्हणजे हा कोन, तो चकरा मोजतो, म्हणून एकाच ठिकाणी त्याच्या अनेक किमती. ब्रँच कट म्हणजे खांबापासून बाहेरपर्यंत एक दोर बांधला आणि सांगितलं की याला ओलांडायचं नाही, म्हणजे कोणालाच पूर्ण चक्कर मारता येत नाही आणि किंमत एकच राहते. दोर कोणत्या दिशेला बांधायचा हे तुझ्या सोयीचं आहे. पुस्तकात निगेटिव्ह रिअल अ‍ॅक्सिसवर असतो म्हणून पोरांना वाटतं तिथेच काहीतरी बिघडलेलं आहे, तिथे काहीच नसतं, बिघडलेला फक्त खांबच.

आता मागे जाऊ, कारण मला शंका आहे की तुझी खरी अडचण रेसिड्यूच्या कितीतरी आधी आहे, पहिल्या आठवड्यातच, डेरिव्हेटिव्हला. अ‍ॅनालिटिक म्हणजे काय विचारलं तर तू सीआर (कॉशी-रीमान) इक्वेशन सांगशील, यू फंक्शनचा रिअल भाग, व्ही काल्पनिक, यू एक्स इज इक्वल टू व्ही वाय वगैरे. पण ती येतात कुठून? रेघेवर एखाद्या पॉइंटला यायचे रस्ते दोनच, डावीकडून आणि उजवीकडून. प्लेनमध्ये म्हणजे बर्डीला येण्यासारखं आहे, धंतोलीकडून या, सदरकडून या, धरमपेठेतून या, महालातून या, गोल गोल फिरत या, डेरिव्हेटिव्हची व्याख्या म्हणते सगळ्यांना एकच उत्तर मिळालं पाहिजे. ही अट फार कडक आहे गं. झेड बार घेऊन बघ, किती साधं फंक्शन, नुसतं आरशातलं प्रतिबिंब, एक्सचा एक्स राहतो वायचा मायनस वाय होतो. छोटं पाऊल एच रिअल घेऊन आलीस तर भागाकार एक. एच आय के घेऊन वरून आलीस तर मायनस आय के भागिले आय के, मायनस एक. संपलं. कोणत्याच पॉइंटला डेरिव्हेटिव्ह नाही. रिअलच्या नजरेने इतकं गुळगुळीत फंक्शन, आणि कॉम्प्लेक्समध्ये पूर्ण नापास.

मग पास होणारं कसं दिसतं? झेड स्क्वेअर घे, पॉइंट वन प्लस आय. त्याचा वर्ग टू आय. आता ०.१ उजवीकडे सरक, १.१ प्लस आय, त्याचा वर्ग ०.२१ प्लस २.२ आय, म्हणजे इमेज ०.२१ पूर्वेला आणि ०.२ उत्तरेला गेली, ईशान्येकडे. परत मूळ जागी ये आणि ०.१ वर सरक, वन प्लस १.१ आय, वर्ग मायनस ०.२१ प्लस २.२ आय, इमेज वायव्येकडे गेली. ग्राफ पेपरवर काढ. तू इकडे काटकोनात दोन पावलं टाकलीस, तिकडेही जवळजवळ काटकोनातच दोन पावलं पडली, दोन्ही सारखीच लांब, ०.२९, आणि दोन्ही जवळजवळ ४५ अंशांनी वळलेली. डेरिव्हेटिव्ह काढ, टू झेड, म्हणजे टू प्लस टू आय, त्याची लांबी २.८३ आणि कोन ४५ अंश. ०.१ गुणिले २.८३ केलं की ०.२८, पाऊल अजून लहान घेतलं तर हे दोन्ही आकडे मिळून जातील. म्हणजे डेरिव्हेटिव्ह सांगतं की या पॉइंटच्या अगदी जवळ हे फंक्शन किती ताणतं आणि किती वळवतं. उलटवत नाही, एका बाजूने चेपत नाही, फक्त ताणतं आणि वळवतं. ‘उजवीकडचं पाऊल वळवून वरचं पाऊल मिळालं पाहिजे’ हे यू आणि व्ही मध्ये लिहून बघ, सीआर इक्वेशन तुझ्याच हाताने उतरतील, पाठ करायचं कामच नाही. झेड बार नापास का तेही कळेल, आरसा उलटवतो म्हणून.

हे दोन कागद, झेड स्क्वेअरचा आणि वन अपॉन झेडचा, हे या आठवड्यात कर. पुढचं काही वाचू नको तोवर.

अजून एक प्रश्न, हा बीएस्सीचाच आहे पण तिथे कोणी विचारत नाही. वन अपॉन वन प्लस एक्स स्क्वेअरची सीरिज, वन मायनस एक्स स्क्वेअर प्लस एक्स रेज टू फोर, ही एक्स एकच्या पुढे गेला की का बिनसते? ग्राफ काढ, एकवर काहीच नाही, साधी टेकडी आहे, कुठे तुटत नाही कुठे फुटत नाही. कारण रेघेवर नाहीच, वर आय ला आणि खाली मायनस आय ला आहे, तिथे छेद शून्य होतो. शून्य केंद्र धरून वर्तुळ वाढवत ने, त्रिज्या एक झाली की ते या दोघांना जाऊन टेकतं, सीरिज तिथेच थांबते. पटत नसेल तर केंद्र एकवर घेऊन बघ, तिथून आय पर्यंतचं अंतर रूट टू, आणि त्या सीरिजची त्रिज्या रूट टू च येते. मला हे जेव्हा पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरात एकटीच हसले होते आनंदाने.

तुझ्या मराठी मिडियमबद्दल. तू ते पत्रात कमीपणा सांगितल्यासारखं लिहिलंस म्हणून सांगते, थिअरम समजून घ्यायला मराठी वापर, बिनधास्त. शब्द इंग्रजीच ठेव, पोल, कॉन्टूर, युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, ते बदलायला जाऊ नको, पण वाक्य आपलं कर. एप्सिलॉन डेल्टाचंच घे, ‘तू कोणताही एप्सिलॉन सांग, मी त्याच्या मापाचा डेल्टा आणून देते’, यात कोण आधी बोलतं कोण नंतर हे मराठीत किती स्वच्छ आहे. आणि मग युनिफॉर्म म्हणजे ‘एकच डेल्टा सगळ्या पॉइंटना चालला पाहिजे, प्रत्येकाला वेगळा शिवून नाही मिळणार’. मावशीला समोर बसवून सांग, तिला गणित नाही कळलं तरी चालेल, तू कुठे अडखळतेस ते तुला कळेल. लिहायचं मात्र इंग्रजीत, त्याची सवय वेगळी करायची, रोज एक प्रूफ वही बंद करून लिहायचं.

प्रूफवरून आठवलं, कॉशीच्या थिअरमचं गूर्साचं प्रूफ. त्याला सगळे घाबरतात. डेरिव्हेटिव्ह असलेल्या फंक्शनचं त्रिकोणावरून फेरी मारून केलेलं इंटिग्रल शून्य दाखवायचं आहे. समजा नाहीये, काहीतरी आय एवढं आहे (हा आय वेगळा, इंटिग्रलचा). त्रिकोणाचे मध्यबिंदू जोडून चार तुकडे कर, चौघांची बेरीज आय, म्हणजे एकाकडे तरी निदान चौथा हिस्सा आहेच. त्याला पकड, पुन्हा चार तुकडे, पुन्हा एकाला पकड. एन वेळा झालं की हातात जे छोटं त्रिकोण आहे त्याच्याकडे निदान आय भागिले फोर रेज टू एन आहे. पण तो त्रिकोण एका पॉइंटवर आकसत चालला आहे, आणि त्या पॉइंटला फंक्शनला डेरिव्हेटिव्ह आहे, म्हणजे जवळून ते सरळ रेषेसारखं प्लस अगदी बारीक चूक. सरळ भागाचं इंटिग्रल शून्य. चुकीचं किती? एप्सिलॉन गुणिले व्यास गुणिले परिमिती, आणि व्यास दर वेळी अर्धा, परिमितीही अर्धी, दोघांचं मिळून पुन्हा चाराचा एन घात. दोन्हीकडचे चाराचे घात कटले, उरलं आय लहान आहे एप्सिलॉन गुणिले एका ठराविक आकड्यापेक्षा, आणि एप्सिलॉन पाहिजे तेवढा लहान. आय शून्य. बस. कॉशीने हा थिअरम १८२५ मध्ये मांडला तेव्हा त्याला डेरिव्हेटिव्ह कंटिन्युअस आहे हे धरून चालावं लागलं, ती अट गूर्साने १९०० मध्ये काढली, मधे ७५ वर्षं गेली. आणि तुला ते दोन लेक्चरमध्ये समजलं पाहिजे अशी सगळ्यांची अपेक्षा, म्हणून म्हणते पंधरा दिवस लागले तर लागू दे.

पुस्तकाचं सांगते. अहल्फोर्स सध्या बाजूला ठेव. पुस्तक फार सुंदर आहे पण ते लिहिलंय ज्याने १९३६ मध्ये गणितातल्या पहिल्या फील्ड्स मेडलपैकी एक घेतलं त्याने, तो एका वाक्यात चार स्टेप ओलांडतो आणि त्या भरायला आधी हातात थोडी ताकद लागते. आता चर्चिल-ब्राउन घे, लायब्ररीत मिळेल, जुनी आवृत्तीही चालते, उदाहरणं भरपूर आहेत आणि स्टेप सोडलेल्या नाहीत. एनपीटीईएलच्या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, एकाचीच सीरिज धर आणि पूर्ण कर, दहा जणांची पहिली पहिली लेक्चर बघत बसू नको. आणि रिअलची वही काढ, युनिफॉर्म कन्व्हर्जन्स आणि कॉम्पॅक्टनेस एवढी दोन प्रकरणं पुन्हा कर, कॉम्प्लेक्समधली अर्धी प्रूफ तिथे येऊन अडतात आणि पोरांना वाटतं कॉम्प्लेक्स कठीण आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पेपर, दुपारी ४५ च्या वर तापमान, कूलरच्या आवाजात प्रूफ डोक्यात जात नाही, तेव्हा प्रूफ पहाटे आणि दुपारी फक्त गणितं.

नेटबद्दल एवढंच की तुला जी सवय लागली पाहिजे म्हणते ती तिथेच कामी येते. सीएसआयआर नेटच्या पार्ट सी मध्ये एकापेक्षा जास्त ऑप्शन बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर निवडले तरच मार्क, तिथे साचा चालत नाही. एक नमुना देते, एंटायर फंक्शनचा (ज्याला सगळ्या प्लेनवर डेरिव्हेटिव्ह आहे त्याचा) रिअल पार्ट वरून बाउंडेड आहे, तर फंक्शन कॉन्स्टंट आहे का? लिउव्हिलचा थिअरम तर म्हणतो कॉन्स्टंट ठरायला फंक्शन बाउंडेड पाहिजे, इथे तर फक्त रिअल पार्ट, तोही एकाच बाजूने. पण ई रेज टू एफ घेतलं तर त्याची लांबी म्हणजे ई रेज टू रिअल पार्ट, ती बाउंडेड, मग लिउव्हिल त्याला लागतो, ते कॉन्स्टंट, म्हणून एफ कॉन्स्टंट. एक ओळ. ज्याने लिउव्हिल फक्त पाठ केला त्याला ही ओळ सुचत नाही.

बाबांचं. त्यांच्यावर चिडू नको, त्यांना पोरीची नोकरी दिसते, ७ मार्क दिसतात. पण बीएड एमएस्सी नंतरही करता येतं, आणि एमएस्सी मधेच सोडलीस तर परत या विषयाकडे येणं अवघड जातं, माझ्या किती विद्यार्थिनींचं तसं झालं आहे आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. बाबांकडे हे वर्ष पूर्ण करायला माग, स्पष्ट शब्दात, या सुट्टीत गावाला जाशील तेव्हा समोर बसून बोल, फोनवर नको. बाबा, सेमिस्टरचा निकाल बघून ठरवू, एवढं म्हण. आणि शिकवायचंच असेल पुढे, तरी ‘का’ चं उत्तर लागणारच आहे, माझ्या वर्गातल्या त्या पोरासारखं एखादं पोट्टं शेवटच्या बाकावरून विचारेलच.

ते दोन कागद झाले, कॉसचं गणित बरोबर करून झालं, की मग साइन एक्स अपॉन एक्स घे, मायनस इन्फिनिटी ते इन्फिनिटी. त्यात ई रेज टू आय झेड अपॉन झेड घेतलंस की पोल नेमका रेघेवरच, शून्यावर बसलेला आहे, तिथून जाता येत नाही म्हणून वरून छोटं अर्धवर्तुळ काढून वळसा घालावा लागतो. ते छोटं अर्धवर्तुळ लहान केलं तरी शून्य होत नाही, आणि का होत नाही ते तुला वन अपॉन झेडच्या कागदावरून दिसेल, तिथे पूर्ण फेरीला दोन पाय आय साचलं होतं, इथे फेरी अर्धीच आहे आणि उलट्या दिशेने आहे. किती येतं ते मी सांगत नाही. शेवटचं उत्तर पाय आहे, मधलं तू भर, आणि कागदाचा फोटो पाठव, खाडाखोड असली तरी तसाच पाठव.